फळी गार असताना

आमच्या गल्लीत माझ्या वडिलांना उडीवाले म्हणतात. फायबरच्या वस्तू बनवणारे पुष्कळ आहेत, पण तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तिच्यावर चढून उडी मारणारे तेवढे माझे वडीलच. पाण्याची टाकी असो, होडी असो, बागेतली घसरगुंडी असो; बाबा चपला काढणार, वर चढणार, गिऱ्हाइकाकडे त्यानेच काहीतरी चोरल्यासारखं बघणार आणि दोन्ही पाय एकदम आपटणार. धप्प. वस्तूला काही झालं नाही की खाली उतरून म्हणणार, "न्या. तुमच्या नातवापर्यंत बघायला नको." गिऱ्हाईक खूश. मग तोच माणूस चार ठिकाणी सांगणार, अहो, ते उडी मारून देतात.

याच उडीने माझ्या नवऱ्याला खोटं पाडलं. ती गोष्ट मी सांगणार आहे आणि शांतपणे सांगणार नाही. ज्यांना शांतपणे ऐकायची असेल त्यांनी कारखान्याच्या मॅनेजरकडे जावं, तो फार गोड बोलतो.

बाबा रागीट आहेत एवढं सांगून भागत नाही. राग हा त्यांच्या सदऱ्यासारखा आहे, सकाळी उठलं की अंगात घालायचाच. पाणी कमी आलं म्हणून राग, जास्त आलं म्हणून राग, आणि घरात कोणीच सापडलं नाही तर रेडिओवर राग. बातम्या देणाऱ्या बाईला ते "मोठी आली सांगणारी" म्हणतात. आई म्हणते, "ओरडतायत तोवर बरं आहे. गप्प बसले की मला धडकी भरते." मीही त्यांचीच मुलगी. माझं नाक बाबांचं आणि आवाजही बाबांचा, असं आई म्हणते तेव्हा ती माझं कौतुक करत नसते.

त्यांची शेड आमच्या घरामागेच. पत्र्याचं छप्पर, मध्ये साचे ठेवायचं लांब टेबल, कोपऱ्यात रेझिनचं, म्हणजे काकवीसारख्या चिकट राळेचं पिंप. त्या रेझिनचा वास असा उग्र, की पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारायचे, "तुम्हाला काही वाटत नाही?" आम्हाला काय वाटणार, आम्ही त्यातच वाढलो. काचेच्या तंतूंची पांढरी चटई येते, बघायला कापसासारखी मऊ. तिला हात लावला की बारीक कुसळं कातडीत शिरतात आणि दिवसभर खाज सुटते. शाळेत मी बाकावर बसून मान खाजवायचे आणि बाईंना वाटायचं मला अंघोळच माहीत नाही.

बाबा ती चटई साच्यावर अंथरतात, मगमध्ये रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर कालवतात, ब्रशने ते चटईत मुरवतात आणि रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढतात. मग दुसरा थर, मग तिसरा. कालवलेलं रेझिन थोड्या वेळाने आपणहून तापू लागतं. मग हातात धरवत नाही, आणि तापलं की ते घट्ट होतं. थंडीच्या दिवसांत माल लवकर आळला नाही तर बाबा वर मोठे दिवे लावतात. ऊब दिली की झालं, सकाळी दगड. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट बघितली, की ताप लागला की रेझिन कडक होतं. ताप म्हणजे आपला मित्र, हे त्यांच्या डोक्यात असं मुरलं होतं की रोलर फिरवूनसुद्धा बाहेर निघालं नसतं.

त्यात भर पडली बर्फाच्या कारखान्याची. तिथल्या गोठवण्याच्या खोलीत उभं राहायला बाबांनी पाट करून दिले. गिऱ्हाइकाला शंका होती, इतक्या थंडीत टिकतील का. बाबा कानटोपी घालून आत गेले आणि उडी मारून आले. पाट गारठून उलट जास्तच ताठ झाले होते. बाबा घरी येऊन छाती फुगवून सांगत होते, "बर्फात घंटेसारखा वाजतो माझा माल!" तेव्हापासून त्यांना वाटायला लागलं की आपला माल ऋतूंच्या पलीकडे गेला. बर्फ पचवला, मग वाफ म्हणजे किस झाड की पत्ती.

माझा नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. ओळीने मोठे हौद, त्यात उकळता रंग, आणि हौदाच्या कडेने माणसांना उभं राहायला फळ्या. त्या फळ्यांवर उभं राहून ओलं, जड कापड आकड्याने ओढून वर काढायचं. पूर्वी फळ्या लोखंडी होत्या, त्या वाफेने आणि रसायनांनी गंजून गेल्या. तेव्हा माझ्या नवऱ्यानेच मॅनेजरला सुचवलं, "माझे सासरे फायबरचं काम करतात, त्याला गंज चढत नाही." आपल्याच हाताने त्याने ते काम सासऱ्याला मिळवून दिलं. बाबांनी मॅनेजरला एकच विचारलं, "ॲसिड लागणार का?" किती गरम, किती वेळ गरम, हे त्यांनी विचारलं नाही आणि मॅनेजरने सांगितलं नाही. घसरगुंडीला वापरायचं तेच रेझिन वापरून बाबांनी फळ्या केल्या, उडी मारली आणि दिल्या.

काही महिने सगळं ठीक चाललं, कारण हौदांवर वाफ ओढून नेणारा मोठा पंखा होता. मग तो पंखा बिघडला. माझा नवरा रोज घरी येऊन सांगायचा, "आज समोरचा माणूस दिसत नव्हता एवढी वाफ होती." मॅनेजर म्हणायचा, बघू, करू. आणि एक दिवस दुपारी, पहाटेपासून उकळणाऱ्या हौदाच्या कडेला ओल्या कापडाचा गठ्ठा ओढत असताना, माझ्या नवऱ्याच्या पायाखालची फळी हौदाच्या बाजूने झुकली. त्याने गठ्ठा सोडला आणि अंग उलट्या बाजूला झोकून दिलं. खाली फरशीवर आपटला, मांडीचं हाड मोडलं. या बाजूला झोकलं म्हणून हाड मोडलं. त्या बाजूला गेला असता तर काय झालं असतं, ते मी अजून नीट मनात आणू शकत नाही.

दवाखान्यात त्याने मला पहिलं वाक्य हे सांगितलं, "फळी मऊ झाली गं. ओल्या पुठ्ठ्यासारखी."

मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला. माझ्या नवऱ्याला थापा मारताच येत नाहीत. मी हौसेने घेतलेले नवे पडदे दाखवले तर म्हणाला, "रंगात दोनदा बुडवायला हवे होते." असा माणूस फळी मऊ झाली हे मनाने रचेल?

पण कारखान्यात सगळे हसले. मोडून पडलेली फळी नव्हतीच. फळी जागेवर होती, सरळ, टणक, वर कोणीही उभं राहावं अशी. "मऊ झाली म्हणे!" एकाने माझ्या नवऱ्याचं नाव ठेवलं मऊराव, आणि ते अस्सं चिकटलं की भेटायला आलेला मित्रही जिभेवरून परत गिळत होता. मॅनेजर म्हणाला, चौकशी करू. चौकशीत चूक कामगाराची निघाली तर त्याला परत कामावर घेणार नव्हते. बेफिकीर माणूस उकळत्या हौदापाशी नको, इतरांच्या जिवाला धोका, असं तो मला समजावून सांगत होता. ज्याने पंखा बंद ठेवला तो मला धोका समजावून सांगत होता!

चौकशी ठेवली साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. तिथला रिवाजच तो. हौद उकळत असले की आत उभं राहवत नाही आणि तपासायला येणाऱ्या साहेबांच्या चष्म्यावर वाफ धरते. म्हणून सगळ्या तपासण्या सुट्टीच्या दिवशी, हौद रिकामे, फरशी धुतलेली, हवा थंडगार. आणि वर पंखा गरगर फिरत होता. मी मान वर करून त्याच्याकडे बघतच राहिले. नवऱ्याच्या वतीने मी गेले होते, आणि फळी बनवणारा कारागीर म्हणून मॅनेजरने बाबांना बोलावलं होतं.

बाबा फळीपाशी वाकले. आधी त्यांनी तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा एकदा फिरवला. मी लहानपणापासून बघतेय, तळवा एकदा फिरवला ती सवय, दोनदा फिरवला की त्यांना काहीतरी खटकलेलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चपला काढल्या, वर चढले आणि उडी मारली. धप्प. पुन्हा मारली. फळी हूं की चूं करेना.

"माल चोख आहे," बाबा म्हणाले.

"मग ते पडले कसे?" मॅनेजरने मधाळ आवाजात विचारलं.

"पाय घसरला असेल. धांदरटच आहे तो."

साहेबांनी मान हलवली आणि सगळे चहाला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकाबाहेर मी बाबांना गाठलं.

"बाबा, तो सांगतोय की फळी मऊ झाली."

"काच मऊ होते का गं? काच वितळवायला भट्टी लागते, भट्टी! रंगाच्या पाण्याने नाही वितळत."

"मग तो खोटं बोलतोय?"

"मी कुठे म्हटलं खोटं? घाबरला असेल, भास झाला असेल. पहिल्यांदा आपल्या घरी आला तेव्हा उंबरठ्याला अडखळला होता, आठवतंय ना?"

"तुम्ही हात दोनदा का फिरवलात?"

त्यावर ते एकदम ओरडले, "मला माझं काम शिकवू नकोस!" आणि तरातरा निघून गेले. रस्त्यातली माणसं बघत राहिली. मीही त्यांच्या पाठीवर ओरडले, "तुमच्या फळीची अब्रू तेवढी अब्रू, त्याची नाही!" बापाला असं भर रस्त्यात बोलू नये म्हणतात. जावयाला भर कारखान्यात धांदरट म्हणू नये हे कोणी का म्हणत नाही?

त्या दिवसापासून मी माहेरी पाऊल टाकलं नाही. माहेर दोन गल्ल्या पलीकडे, पण मी बाजाराला लांबून जायचे. आई यायची, जावयाच्या पायाखाली उशी नीट करायची आणि हळूच म्हणायची, "तिकडे जेवण जात नाही गं त्यांना." मी म्हणायचे, "रेडिओला वाढ." नवरा मात्र पलंगावर पडल्या पडल्या मलाच समजावायचा, "जाऊ दे ना. त्यांच्या जागी दुसरं कोणी काय बोललं असतं?" मला त्याच्या या चांगुलपणाचाही राग यायचा. ज्याच्यावर अन्याय झालाय त्यानेच सगळ्यांना समजून घेत बसावं, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी म्हणतोय सुळी तशी बरी आहे.

मी कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला आहे. वाफेच्या इस्त्रीवर. एका सकाळी एक शर्ट आला, कॉलर अशी कडक की मान कापावी. आत बकरमचं जाड कापड आणि खळ असते. कॉलर एका बाजूला मुडपली होती म्हणून मी वाफ सोडली. कॉलर हातात लुळी पडली. मी ती सरळ केली, वाफ बंद केली, बाजूला ठेवली आणि दुसऱ्या शर्टाला हात घातला. थोड्या वेळाने उचलली तर परत तशीच, पुठ्ठ्यासारखी कडक. हे मी रोज करते. रोज! इतकी वर्षं वाफेत उभी राहून मला हे दिसत होतं आणि त्या दिवशी मात्र मी इस्त्री हातात धरून तशीच थिजले. वाफेने कापडाचा धागा कुठे मऊ होतो? धाग्याला धरून ठेवणारी खळ मऊ होते. आणि गार झाली की पुन्हा कडक, जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी मी माहेरी गेले. बाबा शेडमध्ये होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. आईला म्हटलं, "रंगखान्याच्या फळ्यांमधून उरलेली एखादी पट्टी आहे का?" आईला शेडमधलं सगळं ठाऊक असतं. तिने हातभर लांबीची एक पट्टी आणली आणि सोबत बाबांच्या तराजूचं एक वजनही आणलं, न विचारता. मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, पातेल्याच्या काठांवर पट्टी आडवी टाकली आणि मधोमध वजन ठेवलं. आधी काही झालं नाही. आई म्हणाली, "नाही गं होत." मग पट्टी हळूहळू खाली झुकायला लागली, झुकत गेली, आणि वजन घसरून डुबुक करून पाण्यात पडलं.

"बाबा!" मी ओरडले. "या इकडे!"

"हात बरबटलेत," आतून आवाज.

"आत्ताच्या आत्ता या!"

ते सावकाश आले, हात पुसत पुसत, दारात थांबले, आईला म्हणाले, "ही बोलायला लागली वाटतं." वजन पडल्याबरोबर पट्टी पुन्हा वर आली होती आणि एव्हाना मी चिमट्याने बाजूला काढून ठेवली होती. त्यांनी ती उचलली, वाकवून बघितली, टेबलावर आपटली. टक्क. "घट्ट तर आहे. काय दाखवतेस?"

अगदी हेच कारखान्यात झालं होतं. अगदी हेच! मला हसू यावं की रडू यावं कळेना, म्हणून मी ओरडले.

"गार झाल्यावर बघताय तुम्ही! सगळे गार झाल्यावरच बघताय!"

मी पट्टी परत पातेल्यावर टाकली आणि त्यांच्या हातात लाकडी चमचा दिला. "आता इथून हलायचं नाही. दाबत राहा." बाबांनी दाबलं. पट्टी ताठ. त्यांनी माझ्याकडे विजयाने बघितलं. मी म्हटलं, "दाबत राहा." पाणी खळखळत होतं, वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. मग चमचा खाली जायला लागला. बाबांनी हात वर घेतला, पट्टी वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, पण मी बघत राहिले, कारण मला राग आला होता.

"पण ताप दिला की घट्ट होतं," ते म्हणाले. मला नाही, पातेल्याला.

"कच्चं असताना! एकदा आळलं की पुन्हा तापवल्यावर काय होतं ते कधी बघितलंत? काच नाही वितळत, बाबा, मान्य. काचेला काही होत नाही. पण तिला धरून ठेवणारं रेझिन ढिलं पडतं. नुसता दोरा ओढला तर भार घेतो, ढकलला तर घेतो का? फळीवर माणूस उभा राहिला की खालचे तंतू ओढले जातात, वरचे दाबले जातात. वरच्यांना धरून ठेवायला कोणी उरलं नाही की ते मुडपणार. कॉलरसारखे."

"कॉलर?"

"ते जाऊ दे." मी पट्टी काढून गार पाण्यात बुचकळली, पुसली आणि त्यांच्यासमोर धरली. "हात फिरवा. दोनदा."

त्यांनी फिरवला. पट्टी टणक झाली होती, पण मधोमध किंचित पोट सुटलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही, तळव्याला मात्र कळेल एवढंच.

"त्या फळीलाही असंच होतं ना?" मी विचारलं.

बाबा गप्प. आईने माझा दंड धरला. ती कशाला घाबरते हे मला माहीत होतं, पण मी थांबले नाही. "तुम्हाला तिथेच कळलं होतं. हाताला कळलं होतं. आणि तरी उडी मारलीत."

ते पट्टी घेऊन शेडमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आई धावत आली. "करवत घेऊन गेलेत. कारखान्यात." मी चपला कशाबशा घातल्या. मी पोचले तेव्हा आत करकर आवाज येत होता आणि कारखान्याचा रखवालदार हात चोळत उभा होता. बाबा फळीवर ओणवे झाले होते. नवऱ्याची फळी आधीच दोन तुकडे होऊन पडली होती, आता ते शेजारची कापत होते. गार फायबर कापणं म्हणजे खेळ नाही. करवतीचे दाते बोथट होत होते, पांढरी भुकटी उडत होती, बाबांच्या भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या झाल्या होत्या आणि ते प्रत्येक ओढीगणिक एक शिवी देत होते. शिव्या कोणाला, ते कळत नव्हतं.

"अहो ताई, सांगा यांना," रखवालदार म्हणाला. "चांगली धडधाकट वस्तू कापतायत!"

बाबांनी करवत थांबवली. "धडधाकट आहे म्हणूनच कापतोय. मोडकी दिसली असती तर कोणी पाय ठेवला असता का तिच्यावर?"

रखवालदाराने मान वर करून पंख्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "पंखा मॅनेजरने तुमचा नवरा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतला. मीच मिस्त्रीला फाटक उघडलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण आम्हाला कोण विचारतंय?"

मॅनेजर आला तेव्हा एकही फळी शाबूत नव्हती. मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला. मालमत्तेचं नुकसान, पोलीस, भरपाई, काय काय बोलला. बाबा भुकटीने माखलेले तसेच उभे राहिले आणि त्याच्या वरताण ओरडले, "बोलवा पोलीस! बोलवा तुमच्या साहेबांना! त्यांच्यासमोर सांगतो, फळी मी चुकीची केली. तुम्ही वाफ कोंडलीत आणि मी फळी चुकीची केली. जावई माझा खरं बोलला. आणि यावेळी सुट्टीच्या दिवशी नाही यायचं, हौद पेटलेले असताना यायचं. चष्मे पुसायला फडकं मी आणतो!"

पोलीस काही आले नाहीत. पंख्याची गोष्ट पोलिसांसमोर निघावी असं मॅनेजरला वाटत नव्हतं. साहेब पुन्हा आले, कापलेल्या तुकड्यांतला एक वाफेवर धरून बघितला, आणि नवऱ्याच्या नावापुढचं बेफिकीर गेलं. बरा झाला की कामावर घ्यायचं ठरलं. मला वाटलं होतं त्या दिवशी माझा राग उतरेल. नाही उतरला. जो शब्द एका उडीत लागला तो काढायला इतकं सगळं करावं लागावं, याचाच नवा राग आला.

घरी जाताना बाबा माझ्याबरोबर आले. नवऱ्याच्या पलंगापाशी उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मऊ झाली होती," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "असू दे, बाबा."

"असू दे काय असू दे!" बाबा खेकसले. "चिडता येत नाही का तुला?" आणि चहा न घेता गेले.

नव्या फळ्या बाबांनीच केल्या. ताप सोसणारं वेगळं रेझिन आणलं, आणि ते आळल्यावर पुन्हा किती तापवायचं, किती वेळ, हे विकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होईपर्यंत विचारून घेतलं. प्रत्येक फळीची पट्टी आईच्या पातेल्यावर वाफवली. आईचं मोठं पातेलं गेलं ते गेलंच. आता गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की बाबा पहिल्यांदा खेकसतात, "गरमात ठेवणार की गारात?" घसरगुंडी न्यायला आलेला माणूस गोंधळून बायकोकडे बघतो. उडी मात्र बंद झाली. लोक अजून उडीवाले म्हणतात आणि बाबा अजून चिडतात, फक्त आता कारण वेगळं.

नवरा काठी टेकत पुन्हा कामावर गेला त्या दिवशी मी रजा घेऊन त्याच्यासोबत गेले. हौद उकळत होते. दारातूनच वाफेचा लोट अंगावर आला. नवरा आपल्या हौदापाशी पोचला आणि थबकला, कारण फळीवर आधीच कोणीतरी उभं होतं. दोन्ही पाय रोवून, सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, खांद्यावर वाळूचं पोतं. हौद पेटला तेव्हापासून तिथेच आहेत, असं कोणीतरी सांगितलं. मऊराव नाव ठेवणाराही खाली उभा होता आणि त्याच्याकडे बघून बाबा मनसोक्त शिव्या घालत होते.

"बाबा, उतरा आता," नवरा म्हणाला. "झालं ना."

"झालं कसं? उडी मारायला काय लागतं, कोणीही मारेल," बाबा वरून ओरडले. "मऊ होते का बघतोय."

नवऱ्याने काठी माझ्या हातात दिली, कठड्याला धरून एक पाय वर टाकला, मग दुसरा, आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाबांनी पोतं खाली टाकलं आणि त्याचा दंड धरला. घट्ट धरला. हौदाच्या बाजूला ते स्वतः राहिले.